लॉगइन करून मांडलेली पूजा

कॉम्प्युटरला हार घालणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. घाला बापडे. आमच्याकडे पाट्यावरवंट्याला हळदकुंकू लागतं, स्कूटरला लागतं, मग कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय? माझं भांडण आहे ते आधी लॉगइन करून मग हार घालणाऱ्याशी. असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्यासमोर माना डोलावणारे पन्नास पाहिले.

जासईच्या बाजूला कंटेनरचं एक मोठं यार्ड आहे, तिथे मी सात वर्षं डेटाबेस सांभाळते. बोटीतून उतरलेले आणि बोटीवर चढायचे कंटेनर आमच्याकडे येऊन थांबतात, कागद होतात, मग पुढे जातात. ट्रेलर गेटमधून आत आला की कॉम्प्युटरवर नोंद, बाहेर निघाला की नोंद. नोंद झाल्याशिवाय गेटपास छापून येत नाही, आणि गेटपास हातात नसला तर ट्रेलर हलत नाही. म्हणजे यार्डाचा सगळा गाडा कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटर माझ्या डेटाबेसवर. पण पनवेलहून सकाळची बस पकडून मी टेबलावर जाऊन बसते न बसते तोच पहिला माणूस येऊन काय विचारतो? "मॅडम, प्रिंटर चालत नाहीये, जरा बघता का?" माझ्या डिग्रीची ही किंमत.

एक गोष्ट मी तिथे शंभरदा सांगितली असेल. तुम्ही तरी ऐका. आमचं सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालतं, त्याच्याकडे डेटाबेसशी जोडलेली साठ कनेक्शनं असतात, आधीपासून उघडून ठेवलेली. ज्याला काम आहे त्याने एक घ्यायचं, काम करायचं, परत द्यायचं. पंगतीला साठ पाट मांडलेत असं समजा. जेवलात की उठा, म्हणजे त्याच साठ पाटांवर सगळं गाव जेवून जाईल. पण पुण्याच्या ज्या कंपनीने आमचं सॉफ्टवेअर लिहिलं, त्या दिवट्यांनी असं करून ठेवलं की माणसाने लॉगइन केलं की एक पाट त्याच्या नावावर, आणि तो स्वतः लॉगआउट करीपर्यंत त्याचाच. मग तो काम करो, चहाला जावो, नाहीतर बायकोशी फोनवर भांडत बसो. आणि आमची माणसं म्हणजे काय विचारता! जेवून पाटावर हात वाळवत बसायची खानदानी सवय. लॉगआउटचं बटण कुठे आहे असं विचारलं तर निम्मे जण की-बोर्डकडे बघतील.

सकाळी दहाला सगळे लॉगइन करणार. काही जण दोनदा करणार, कारण पहिली खिडकी कुठे गेली ते त्यांना सापडत नाही. दुपारपर्यंत साठ पाट भरले की एकसष्टावा बोंबलणार, "सिस्टीम हँग झाली!" मी यादी उघडून बघावं, तर साठातली पन्नास नुसती पडलेली, तास तास कुणी बोट लावलेलं नाही. यावर आमच्या ऑफिसचा उपाय काय, तर जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर बंद करून परत चालू करायचा. म्हणजे अख्खी पंगत बखोटीला धरून उठवायची, जेवणाऱ्यांसकट. त्याला "सिस्टीम फ्रेश करणे" म्हणतात. फ्रेश म्हणे! पुण्याला फोन केला तर तेही हेच सांगायचे, वर "कनेक्शन वाढवून घ्या ना मॅडम" असा फुकटचा सल्ला. पाट वाढवा. म्हणजे आणखी चाळीस जण बसून राहतील.

खरा उपाय एका सेटिंगचा होता. पंधरा मिनिटं ज्याने हात लावला नाही त्याला बाहेर काढायचं आणि त्याचं कनेक्शन परत घ्यायचं. बस. मी मोठ्या साहेबांना रीतसर मेल टाकला, अ‍ॅडमिनच्या साहेबांना कॉपी. उत्तर नाही. आठवड्याने तोंडी विचारलं, तर अ‍ॅडमिनचे साहेब पेपरातून मान वर न करता म्हणाले, "लोकांना सारखं सारखं लॉगइन करायला लागेल हो. नाराज होतील." मी मनात म्हटलं, गेलात उडत. होऊ दे रोज हँग, माझ्या बापाचं काय जातंय? मेल मात्र जपून ठेवला. ऑफिसात माणूस कामाने नाही, मेलने तरतो, एवढी अक्कल मला होती.

माझा नवरा म्हणतो, तुला जगात शहाणं माणूस भेटलंच नाही. मी म्हणते, भेटलं की कळवते.

भेटलं होतं, खरं तर. गेटच्या केबिनमध्ये बसायची. जासईचीच, दहावी झालेली, माझ्याहून आठदहा वर्षांनी लहान. नऊ वर्षं कंत्राटावर गेटच्या नोंदी करत होती. सॉफ्टवेअर नवीन आलं तेव्हा मी सगळ्यांना तासभर शिकवलं होतं. बाकीचे मोबाईलवर बोटं फिरवत बसले होते. हिने एकटीने विचारलं, "ताई, उठताना बंद कनाला करायचा?" कशाला करायचं, तर मी तिला ते पंगतीचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "म्हंजे जेवला का आपला पान आपुन उचलायचा." त्या दिवसापासून ती पाणी प्यायला उठली तरी लॉगआउट करायची. मी यादी बघायची ना, सगळ्यांची कनेक्शनं म्हशींसारखी बसलेली आणि हिचं येतंय, जातंय, येतंय, जातंय. यार्डात एवढं एकच माणूस माझं ऐकायचं.

तिची कायम व्हायची फाइल त्या वर्षी मोठ्या साहेबांच्या टेबलावर होती. दिवाळीच्या आधी सही होणार होती. अट एकच, वर्षभरात नावावर तक्रार नको. नऊ वर्षांत एक नव्हती. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर घसरून पडला होता, गुडघा गेला होता, दोन वर्षं घरी बसून होता. ती कायम झाली असती तर ते ऑपरेशन कंपनीच्या मेडिकलमध्ये बसणार होतं. हे तिने मला सांगितलं होतं, तेही मी विचारलं म्हणून. डब्यातली बोंबलाची चटणी देता देता सांगितलं, जसं काही दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगतेय.

आता खंडेनवमी. दरवर्षी आमच्याकडे क्रेनची पूजा, वजनकाट्याची पूजा, ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा. अ‍ॅडमिनच्या साहेबांचं नेऱ्याला फार्महाऊस आहे, तिथला झेंडू पोत्याने येतो, आणि "घरचा आहे बरं का" हे प्रत्येक फुलामागे एकदा ऐकावं लागतं. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात नवीनच किडा वळवळला. म्हणाले, "बंद मशीनची कसली पूजा? मढ्याला हार घातल्यासारखं दिसतं. सगळी चालू करा. नुसती चालू नाही, आपलं सॉफ्टवेअर उघडून ठेवा. ज्यावर पोट भरतं ते दिसलं पाहिजे."

पासवर्ड सगळ्यांचा एकच होता, कंपनीचं नाव आणि पुढे एकदोनतीन. तेव्हा अडचण कसलीच नव्हती. साहेब स्वतः टेबलाटेबलाने फिरले. जो हजर नव्हता त्याच्या नावाने लॉगइन केलं. कॉन्फरन्स रूममधला मोठा टीव्ही उघडला, सुट्टीवर असलेल्यांचे लॅपटॉप कपाटातून काढून उघडले. मग गंध, फूल, हार, उदबत्ती, आरती. टेबलावर ओळीने यार्डाचा तोच एक हिरवा स्क्रीन आणि त्यावर लोंबणारा झेंडू. वर हुकूम झाला, "पूजेला बसवलंय, आता कुणी हात लावायचा नाही. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की मगच."

मी म्हटलं, "साहेब, कनेक्शनं साठच आहेत. ही सगळी आत्ताच भरली. गेट चालू असतं."

ते म्हणाले, "गेटचं मशीन एकच ना? ते सकाळपासून चालूच आहे. त्याला कोण बाहेर काढतंय?" आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

आता मी काय करायला हवं होतं? तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. मी पेढा खाल्ला आणि एकच्या बसने पनवेलला घरी आले. पळस्पे फाट्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत त्या माणसाच्या अकलेचे वाभाडे काढत होते. छान वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

तीनच्या सुमाराला तिचा फोन आला. "ताई, स्क्रीन उघडत नाय."

"बंद कशाला केलास?"

"जेवायला उठले तवा क्येला. रोजच्यासारा. मंगापासून आत घेतच नाय."

तिने पान उचललं होतं आणि तेवढ्यात जागेची वाट बघणाऱ्या कुठल्यातरी हार घातलेल्या लॅपटॉपने नाहीतर घरून मोबाईलवर लॉगइन करणाऱ्या कुणीतरी तिचा पाट पटकावला होता. बाहेर ट्रेलरची रांग लागलेली. पहिल्याच ट्रेलरवर बोटीवर चढायचा कंटेनर होता आणि बंदरात तो पाचच्या आत पोचला पाहिजे होता, पाचला त्या बोटीचा माल घेणं बंद.

मला पहिल्यांदा काय झालं सांगू? आनंद झाला. अस्सल, पोटातून आलेला आनंद. म्हटलं, आता कळेल. वर्षभर बोंबलून सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही, आता नाकातोंडात पाणी जाऊ दे. मी लॅपटॉपला हातही लावला नाही. मी म्हणाले, "ज्यांनी बसवलेत त्यांनाच उठवायला सांग. साहेबांना फोन लाव."

"तुमी नाय करू शकत?"

"करू शकते. पण त्यांनी मला फोन करून सांगितलं पाहिजे."

तिने त्यांना फोन केला. ते नेऱ्याला जेवून लवंडले होते. पूजा मोडायची नाही म्हणाले, पास हाताने लिही म्हणाले. हाताने लिहिलेला पास बंदरात कुत्रं विचारत नाही, हे त्यांना ठाऊक नसावं, किंवा झोप जास्त प्यारी असावी. मला त्यांनी फोन केला नाही. मीही त्यांना केला नाही. मी पुरणाच्या डब्याचं झाकण लावलं, चहा टाकला, आणि फोन समोर ठेवून वाट बघत बसले, की आता येईल, आता म्हणेल, "मॅडम, तुम्ही बरोबर होतात."

सव्वाचारला पुन्हा तिचाच आला. "ताई, ते आयकत नाय. डायवर लोकं शिव्या घालतान. तुमी तरी काय करा." आवाज फुटला होता तिचा. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज तसा ऐकला नव्हता.

मी लॅपटॉप उघडला. झोपलेली सगळी कनेक्शनं निवडली आणि बंद केली. एक मिनिटही लागलं नाही. पलीकडून ती म्हणाली, "उघडला," आणि प्रिंटरची घरघर ऐकू आली. ट्रेलर साडेचारला सुटला. पण बंदराच्या रस्त्यावर सणासुदीची ट्रेलरची रांग काय असते ते त्या रस्त्याने जाणाऱ्याला विचारा. कंटेनर राहिला. बोट गेली. मालवाल्या पार्टीने मोठ्या साहेबांना सणाच्या दिवशी घरी फोन करून झापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅडमिनचे साहेब सोवळ्यात येऊन उत्तरपूजेला बसले. माउस हलवला तर हारामागे लाल चौकोन, सेशन संपलं म्हणून. पुढच्या टेबलावर तेच. पन्नास टेबलांवर तेच. अपशकुन झाला म्हणे! बोट गेली त्याचं काही नाही, देव उठवला गेला त्याचं दुःख.

मग चौकशी. अ‍ॅडमिनच्या साहेबांनी माझ्याकडे त्या दिवसाचा लॉग मागितला, कोण कधी आत आलं, कोण कधी बाहेर गेलं. मी छापून दिला. मला वाटलं, बरं झालं, आता त्यांनीच केलेली पन्नास लॉगइन त्यांच्याच डोळ्यांसमोर येतील. साहेबांनी तो कागद मीटिंगमध्ये उलगडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पूजा मांडल्यापासून ट्रेलर अडेपर्यंत माणसाने हाताने केलेलं लॉगआउट एकच होतं. तिचं. एक वाजून चाळीस मिनिटं.

"ड्युटीवर असताना ऑपरेटरने गेटची सिस्टीम बंद केली," साहेब म्हणाले. "मॅडमच्याच लॉगमध्ये आहे."

मी बोलले. बोलले नाही असं कुणी म्हणायला नको. पण कसं बोलले ते ऐका. पंधरा मिनिटं मी त्यांना कनेक्शनचा पूल म्हणजे काय, सेशन म्हणजे काय, कनेक्शन परत देणं म्हणजे काय, हे असं ऐकवलं की समोरच्याला आपण ढ आहोत हे प्रत्येक वाक्याला कळावं. त्यांना तेवढंच कळलं. तिचं काही चुकलं नाही हे साधं चार शब्दांचं वाक्य त्या पंधरा मिनिटांत कुठे होतं, ते मलाही आता आठवत नाही.

मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, यावर उपाय होता?"

"होता."

"किती वेळाचं काम?"

"चार मिनिटं."

"मग केला का नाही?"

"मी मेल टाकला होता," मी म्हणाले.

त्यांनी मोबाईलवर शोधला. सापडला. "हो, मॅडमचा मेल आहे," म्हणाले, आणि माझा विषय संपला. अ‍ॅडमिनच्या साहेबांकडे देव होता. माझ्याकडे मेल होता. तिच्याकडे एक लॉगआउट होतं, आणि पार्टीची तक्रार कुणाच्या तरी नावावर टाकायचीच होती.

फाइल सहीशिवाय परत आली. महिनाअखेरीला ठेकेदाराने तिचं नाव यादीतून काढलं. शेवटच्या दिवशी ती ओळखपत्र जमा करून माझ्या टेबलाशी आली, कारण तिचं लॉगइन बंद करायचं काम माझंच. मी मान खाली घालून ते करत होते. ती उभी होती. रडत वगैरे नव्हती.

"ताई, येक इचारू?"

"विचार ना."

"ते उठवायचा व्हता, ते तुमाला घरूनच जमत व्हता?"

"हो."

"तीन वाजता पण?"

मी म्हणाले, "हो."

तिने मान हलवली. शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. तिने नुसतं विचारलं, "मंग क्येला का नाय?"

मेल दाखवता आला असता. तो तिला कशाला दाखवू? तिने थोडी वाट पाहिली, मग पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. माझाच होता, चटणीच्या बदल्यात मी कधीतरी लाडू दिले होते त्याचा. घासून पुसून आणला होता. "र्‍हायलेला माज्याकडं," म्हणाली आणि गेली.

त्याच संध्याकाळी बसच्या आधी मी ते सेटिंग टाकलं. कुणाला विचारलं नाही. विचारायची गरज कधीच नव्हती, डेटाबेस आणि सर्व्हर दोन्ही माझ्याच ताब्यात होते. परवानगी मी मागितली होती ती नकार मिळावा म्हणून, म्हणजे मग पुढे वर्षभर त्यांना मूर्ख म्हणायला मी मोकळी. चार मिनिटं म्हणाले होते, तीनच लागली. त्यानंतर सिस्टीम एकदाही हँग झालेली नाही. कुणी नाराज झालं नाही. लोकांच्या लक्षातसुद्धा आलं नाही, एवढंच की दुपारी सर्व्हर फ्रेश करायची प्रथा आपोआप बंद पडली.

यंदाही खंडेनवमीला साहेबांनी नेऱ्याचा झेंडू आणला, सगळी मशीनं लॉगइन करून मांडली, आरती म्हटली. पंधरा मिनिटांनी हारांच्या मागे एकेक कनेक्शन गुपचूप परत आलं. मी माझ्या टेबलावरून यादीत बघत होते, साठाची पंगत रिकामी होत होती. पेढा आला तो मी घेतला नाही, कुणी विचारलंही नाही का ते.

गेटवर आता नवीन माणूस आहे. उठताना तो काही बंद करत नाही, आणि त्याचं काही अडतही नाही. त्याला शिकवायला मी गेलेली नाही.